रीबूट झालं की सेटिंग गायब: रीड-ओन्ली रास्पबेरी पायवर बदल टिकवायचे कसे

सकाळी पावणेसहाला फोन. "साहेब, परवा तुम्ही करून गेलासा. रात्री लाइट गेली आणि आता पावतीवर परत चौदा तारीख यायला लागलीया." मागे कॅनांचा खणखणाट, रांगेत कुणीतरी ओरडतंय. दूध संस्थेत सकाळचं संकलन चालू असताना तारखेचा घोळ परवडत नाही. दहा दिवसांचं बिल त्याच पावत्यांवर निघतं.

वजनकाटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर यांना जोडणारा एक डबा असतो. मी बघतो त्या डब्यांत रास्पबेरी पाय हा छोटा लिनक्स संगणक आहे आणि त्याच्या एसडी कार्डावरची फाइल सिस्टीम मुद्दाम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, ठेवलेली आहे. ("पाय बदलावा लागेल" असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एका सेक्रेटरींनी माझ्या पायाकडे बघितलं होतं.) तक्रार सगळीकडे एकच. सेटिंग केली, चालली, लाइट गेली, ये रे माझ्या मागल्या. कधी तारीख, कधी वाय-फायचा पासवर्ड, कधी प्रिंटरची रुंदी, कधी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, एखादी सेटिंग.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे रीड-ओन्ली काढून टाकणं. तो करू नका. माझ्या आधी हे काम बघणाऱ्याने तेच केलं होतं. तक्रारी थांबल्या, पण पुढच्या पावसाळ्यात कार्डं एकामागून एक गेली. एसडी कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा कंट्रोलर असतो. तो डेटा सतत इकडून तिकडे हलवत असतो आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली तर ज्या फाइलला तुम्ही हातही लावला नव्हता तीही खराब होऊ शकते. फाइल सिस्टीमचं जर्नल (बदलांची आधी होणारी नोंद) तिथे पुरं पडत नाही. जिथे दिवसाला दोनदा लाइट जाते तिथे रीड-ओन्ली हवंच. प्रश्न फक्त सेटिंग कुठे ठेवायची एवढाच आहे.

आधी बघा: कुलूप आहे की गंज

एकच प्रश्न स्वतःला विचारा. लिहितानाच एरर येते, की लिहिलेलं नंतर गायब होतं?

लिहितानाच ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ अशी एरर आली आणि हे काल-परवापर्यंत होत नव्हतं, तर ते मुद्दाम लावलेलं कुलूप नाही, बिघाडाचा गंज आहे. ईएक्सटी४ला, म्हणजे कार्डावरच्या फाइल सिस्टीमच्या नेहमीच्या प्रकाराला, आत काही बिघाड सापडला की कर्नल चालू मशीनवरच ती रीड-ओन्ली करू शकतो, जेणेकरून नुकसान वाढू नये. डीमेसेज ही कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड चालवून ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ शोधा. एमएमसीबीएलके० या कार्डाच्या नावापुढे एरर उणे ११० दिसत असेल तर कार्डाने वेळेत उत्तरच दिलेलं नाही. आधी वीजपुरवठ्याची पिन आणि अडॅप्टर तपासा, मग कार्ड बदला. सेटिंगच्या मागे लागून उपयोग नाही.

लिहिताना काहीच कुरबूर नाही, पण रीबूटनंतर गायब, असं असेल तर बहुधा ओव्हरले, म्हणजे खऱ्या फाइल सिस्टीमवर टाकलेला दुसरा थर, आहे. फाइंड-एमएनटी ही कमांड रूटवर, म्हणजे एका तिरप्या रेघेवर चालवा. प्रकाराच्या रकान्यात ‘ओव्हरले’ दिसलं की निदान झालं.

आणि एक तिसरी जात आहे, माणसाला वेड लावणारी. ओव्हरले नाही, एरर नाही, तरी गायब. आयुष्य संपत आलेली काही कार्डं लिखाण स्वीकारल्यासारखं करतात, प्रत्यक्षात काहीच साठवत नाहीत. एक रिकामी फाइल बनवा, सिंक करा (म्हणजे लिखाण कार्डावर उतरवा), नीट शटडाउन करून प्लग काढा, पुन्हा लावा. फाइल नसेल तर कार्ड खोटं बोलतंय. मी अशा एका कार्डावर अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून सांगतो.

काचेवरचं लिखाण

संस्थेच्या टेबलावर जाड काच असते आणि तिच्याखाली फॅटचं दरपत्रक. दर बदलला की सेक्रेटरी कागद काढत नाहीत, काचेवर स्केचपेनने नवा आकडा लिहितात. वरून बघणाऱ्याला नवाच दर दिसतो. संध्याकाळी पोऱ्याने ओल्या फडक्याने काच पुसली की खालचा जुना आकडा पुन्हा वर.

ओव्हरलेएफएस अगदी असंच चालतं. डिसेंबर २०१४मध्ये आलेल्या ३.१८ आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे. खालचा थर म्हणजे कार्डावरची खरी फाइल सिस्टीम, ती रीड-ओन्ली. वरचा थर आपल्या डब्यात टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये. तुम्ही एखाद्या फाइलमधलं एक अक्षर बदललंत तरी ती अख्खी फाइल वरच्या थरात उचलली जाते आणि बदल तिथे होतो. फाइल खोडलीत तर खालची फाइल जागेवरच राहते, वर फक्त ‘ही नाही असं समजा’ अशी पट्टी चिकटते. लाइट गेली की फडकं फिरलं.

म्हणून कोणत्याही फाइलला हात लावण्याआधी फाइंड-एमएनटीला मोठा टी हा पर्याय देऊन त्या फाइलचा पत्ता द्यायचा. ती फाइल कोणत्या माउंटवर, म्हणजे जोडलेल्या कोणत्या फाइल सिस्टीमवर, आहे ते कळतं. ओव्हरले आलं, काच. टीएमपीएफएस आलं, तीही काचच. ईएक्सटी४ किंवा व्हीफॅट (बूट पार्टिशनचा प्रकार) आलं तरच कागद.

कर्नलची सेटिंग दोनदा हरवते

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमचे डबे मोबाइल डेटाच्या राउटरवरून सर्व्हरशी जोडणी धरून ठेवतात. दोन संकलनांच्या मध्ये काही तास एकही लिटर येत नाही, जोडणी नुसती पडून राहते आणि मोबाइल नेटवर्क ती मधल्या मध्ये विसरून जातं. डब्याला वाटतं जोडणी जिवंत आहे. संध्याकाळच्या पहिल्या दहा-बारा पावत्या सर्व्हरवर पोचत नाहीत. कर्नलमध्ये टीसीपी कीपअलाइव्ह टाइम नावाची सेटिंग आहे, पडून असलेल्या जोडणीला किती वेळाने हाक मारून बघायची ते ठरवणारी, मूळ किंमत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. प्रोग्रॅमने त्या जोडणीवर कीपअलाइव्ह चालू केलेलं असेल तर ही किंमत ३००वर आणली की काम होतं.

सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडला डब्ल्यू पर्याय देऊन ३०० लिहिलं. कर्नलने ते मुकाट्याने घेतलं. मग रीड-ओन्ली कुठे आडवं आलं? कुठेच नाही. ही कमांड ‘प्रॉक’च्या आतल्या ‘सिस’ फोल्डरमध्ये लिहिते आणि ते फोल्डर ना काचेवर आहे ना कागदावर. ती चालू कर्नलची आठवण आहे. रूट कितीही कुलूपबंद असली तरी तिथे लिहिता येतं, आणि रूट सताड उघडी असली तरी रीबूटला ते जातंच. ही पहिली हरवणूक. हिचा ओव्हरलेशी काडीचा संबंध नाही.

ती टाळायला ‘ईटीसी’मधल्या ‘सिसकंट्रोल डॉट डी’ फोल्डरमध्ये फाइल करायची, म्हणजे सिस्टीमडी हा बूटची कामं लावणारा प्रोग्रॅम बूट होताना ती वाचून किंमत पुन्हा लावते. बरोबर. पण ती फाइलच काचेवर लिहिली गेली तर दुसरी हरवणूक. दोन्ही दुरुस्त झाल्याशिवाय सेटिंग टिकत नाही. एक झाली की ‘छे, हा उपाय लागू पडत नाही’ म्हणून लोक सोडून देतात.

याच फाइलच्या आणखी काही खोड्या. नावाचा शेवट ‘डॉट कॉन्फ’ नसेल तर ती वाचलीच जात नाही. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर शेवटची जिंकते, म्हणून मी नावाची सुरुवात ९९पासून करतो. आणि जुन्या सवयीने ‘सिसकंट्रोल डॉट कॉन्फ’ या एकट्या फाइलमध्ये लिहिणाऱ्यांनी सावध व्हा. २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३पासून बूटच्या वेळी ती फाइल वाचली जात नाही. कार्ड नव्या आवृत्तीवर नेलं आणि सगळ्या कर्नल सेटिंग्ज एकदम गेल्या असं झालं तर आधी हेच तपासा. एखादी किंमत कर्नल मॉड्यूल लोड झाल्यावरच अस्तित्वात येत असेल तर ते मॉड्यूल ‘मॉड्यूल्स-लोड डॉट डी’मध्ये नोंदवून आधी लोड करायचं, नाहीतर लिहायला जागाच नसते.

मला मात्र आवडतो तो दुसरा रस्ता. २०२०च्या ५.८ कर्नलपासून सिसकंट्रोलच्या किमती थेट कर्नलच्या कमांड लाइनवर देता येतात. सेटिंगच्या नावाआधी ‘सिसकंट्रोल’ आणि टिंब लावायचं, बस. रास्पबेरी पायवर ही लाइन बूट पार्टिशनमधल्या ‘सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी’ फाइलमध्ये असते आणि ते पार्टिशन फॅट प्रकारच्या फाइल सिस्टीमचं आहे (दुधाच्या फॅटशी संबंध नाही). डब्यातून कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं की नोटपॅडमध्येही उघडतं. खालच्या थराला हातच लावावा लागत नाही. दोन पथ्यं आहेत. त्या फाइलमध्ये सगळं एकाच ओळीत असलं पाहिजे. एंटर दाबून नवी ओळ केलीत तर पुढचं धरलं जात नाही, आणि नेमकं रूटचं नाव त्या पुढच्या भागात गेलं तर डबा उठणारच नाही. आणि तीच सेटिंग ‘सिसकंट्रोल डॉट डी’मध्येही असेल तर ती नंतर लागते, म्हणून तिचीच चालते.

जाता जाता, याच ओळीत ‘पॅनिक’ बरोबर १० असंही टाका. कर्नल पॅनिक झाला तर मूळ सेटिंगमध्ये मशीन तसंच गोठून राहतं. १० दिलं की दहा सेकंदांनी स्वतःच रीबूट होतं. पहाटे साडेपाचला गावात कुणाला प्लग काढून लावायला सांगण्यापेक्षा हे बरं.

कागदावर लिहायचं कसं

रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून परफॉर्मन्सच्या भागात ओव्हरले चालू केलेला असतो. तो कोणत्या पद्धतीचा आहे हे ‘प्रॉक’मधली ‘सीएमडीलाइन’ वाचून कळतं. ‘बूट’ बरोबर ‘ओव्हरले’ असं दिसलं तर जुनी पद्धत. ‘ओव्हरलेरूट’ बरोबर ‘टीएमपीएफएस’ असं दिसलं तर नवी.

नव्या पद्धतीत सुडो लावून ओव्हरलेरूट-सीएचरूट ही कमांड द्या. ती खालचा थर तेवढ्यापुरता लिहिण्याजोगा करते आणि तुम्हाला थेट त्यात नेऊन बसवते. बदल करा, एक्झिट म्हणा. बाहेर पडताना ‘बिझी’ असा निरोप देऊन थर पुन्हा बंद व्हायला नकार देत असेल तर भांडत बसू नका, नीट रीबूट करा. या काही मिनिटांत कार्ड खरोखर उघडं असतं, म्हणून मी हे दुपारी, दोन्ही संकलनांच्या मध्ये आणि स्वतःच्या पॉवर बँकेवर करतो. जुन्या पद्धतीत ओव्हरले बंद, रीबूट, बदल, ओव्हरले चालू, पुन्हा रीबूट. लांबण आहे, पण चुकायला वाव कमी.

बाहेर आल्यावर फाइल दिसली म्हणून खूश होऊ नका. त्याच फाइलची आधी काचेवर प्रत झालेली असेल तर तुम्हाला वरचीच दिसते. रीबूट करूनच बघा.

रोज बदलणाऱ्या गोष्टी

वाय-फायचा पासवर्ड, प्रिंटरची रुंदी, सभासदांची यादी या गोष्टी सेक्रेटरी स्वतः बदलणार. त्यांना ओव्हरलेरूट शिकवता येत नाही. त्यासाठी कार्डावर एक छोटं वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करून ते डेटा म्हणून माउंट करायचं. सोपं वाटतं. माझी इथेच महिनाभर फजिती झाली.

पार्टिशन केलं, एफएसटॅबमध्ये (माउंटच्या यादीत) नोंदवलं, सेटिंग त्यात हलवली, रीबूट. गायब! फाइंड-एमएनटीने दाखवलं की डेटा पार्टिशनवरही ओव्हरले बसला आहे. ओव्हरलेरूटला ‘रिकर्स’ नावाचा एक पर्याय आहे आणि त्याची मूळ किंमत १ आहे. म्हणजे रूटबरोबर एफएसटॅबमधली बाकीची माउंटंही तो काचेखाली घालतो. सीएमडीलाइनमध्ये ‘टीएमपीएफएस’ला लागूनच अपूर्णविराम देऊन ‘रिकर्स’ बरोबर शून्य लिहिलं की फक्त रूट झाकली जाते. अपूर्णविरामाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही.

त्यानंतरचा खड्डा एफएसटॅबमधल्या ‘नोफेल’चा. हा पर्याय हवाच, नाहीतर डेटा पार्टिशन सापडलं नाही तर सिस्टीमडी दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो आणि डब्याला तर स्क्रीनच नाही. पण ‘नोफेल’ असताना पार्टिशन माउंट झालं नाही तर बूट सुखाने होतं, डेटा नावाचं रिकामं फोल्डर तिथे असतंच, आणि प्रोग्रॅम त्यात, म्हणजे काचेवर, बिनदिक्कत लिहायला लागतो. संध्याकाळपर्यंत कुणालाच पत्ता नाही. यावर माझा गावठी उपाय म्हणजे पार्टिशन माउंट नसताना खालच्या फोल्डरमध्ये ‘इथे लिहू नका’ नावाची फाइल टाकून ठेवायची. प्रोग्रॅम सुरू होताना ती दिसली तर तो थांबतो आणि पावतीच्या प्रिंटरवरच ‘डेटा कार्ड नाही’ असं छापतो. सेक्रेटरी तो कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतात, मला गावाला न जाता निदान कळतं.

फाइल डेटा पार्टिशनवर ठेवून जुन्या जागी सिमलिंक (खऱ्या जागेकडे नेणारा दुवा) देणारेही आहेत. चालतं, पण कुणी सेड या कमांडला आय पर्याय देऊन ती फाइल बदलली की सिमलिंकच्या जागी साधी फाइल येते आणि आपण पुन्हा काचेवर. कितीतरी प्रोग्रॅम असंच करतात, नवी फाइल लिहून जुनीच्या नावावर आणतात. एकट्या फाइलवर बाइंड माउंट (एका जागची गोष्ट दुसऱ्या जागी दाखवणं) केलं तर हेच नाव बदलणं ‘बिझी’ म्हणून अडतं. म्हणून फाइल नाही, अख्खं फोल्डर बाइंड करा. वाय-फाय सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरचं ‘सिस्टीम-कनेक्शन्स’ फोल्डर हलवताना आतल्या फाइलींची मालकी रूट या युजरची आणि परवानगी ६०० ठेवा. ती सैल असेल तर तो त्या फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही आणि आपण पासवर्ड चुकला म्हणत बसतो.

आणि ती चौदा तारीख

रास्पबेरी पाय ४पर्यंतच्या पायांत घड्याळच नाही. फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा प्रोग्रॅम दर तासाला आणि बंद होताना वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, बूट होताना तीच वाचतो. आता जोडून बघा. लिहितो काचेवर, वाचतो कागदावरून. कागदावर होती चौदा तारीख, कारण त्या दिवशी मी ओव्हरले चालू केला होता. इंटरनेट मिळालं की वेळ सुधारते, पण पहाटे मोबाइलची रेंज येईपर्यंत वीस सभासदांचं दूध ओतून झालेलं असतं.

इथे फाइल हलवून भागत नाही. लाइट चार तास गेली तर घड्याळ चार तास मागेच राहणार. डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ आय२सीच्या पिनांवर बसवायचं, बूट पार्टिशनमधल्या ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’मध्ये त्याची डीटीओव्हरलेची ओळ टाकायची (हा ओव्हरले वेगळा, हार्डवेअर ओळखण्याचा, नावाने गोंधळू नका) आणि खालच्या थरातून फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकायचं. पाय ५मध्ये घड्याळ आहे, बॅटरी वेगळी लावावी लागते. एक सांभाळा. डीएस३२३१च्या काही स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालू नका, तो चार्ज होण्यासाठी बनलेला नाही.

वीस दिवसांनी बंद पडणारा डबा

लाइट फारशी न जाणाऱ्या गावात उलटीच तक्रार. डबा दोन-तीन आठवड्यांनी ‘जागा शिल्लक नाही’ म्हणतो, कार्ड तर अर्धं रिकामं. वरचा थर रॅममध्ये आहे हे विसरलं की असं होतं. टीएमपीएफएस आपणहून रॅमच्या निम्म्यापर्यंतच वाढतो. एक जीबीच्या पायवर ही मर्यादा अर्ध्या जीबीच्या आतच, आणि लॉग फाइली ती गुपचूप खातात. डीएफ ही शिल्लक जागा दाखवणारी कमांड चालवून ओव्हरलेची ओळ बघा. लॉगला मर्यादा घाला आणि रोज दुपारी एक रीबूट लावून द्या.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) असेल तर तिथली गोष्ट जरा वेगळी. खाली रीड-ओन्ली स्क्वॉशएफएस, पण वरचा थर फ्लॅशवर असतो, म्हणून सेटिंग टिकायला हवी. टिकत नसेल तर बहुतेक वेळा यूसीआय या सेटिंगच्या कमांडने सेट करून कमिट करायचं राहिलेलं असतं. कमिट न केलेले बदल टीएमपीमध्येच पडून राहतात. कमिट करूनही जात असेल तर डीएफ बघा. वरचा थर टीएमपीएफएस दाखवत असेल तर फ्लॅशवरचा भाग माउंटच झालेला नाही, भरलाय किंवा बिघडलाय.

काम संपवून निघताना मी शटडाउन करत नाही. सेक्रेटरींनाच प्लग ओढायला सांगतो, दहा अंक मोजून लावायला सांगतो. मग राउटरचाही प्लग काढून, म्हणजे इंटरनेट नसताना, तेच पुन्हा एकदा. मग त्यांच्या नावाने शून्य लिटरची एक पावती काढतो आणि तारीख त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतो.